जुन्या शिडाच्या बोटीचं सुकाणू: आधी प्ले काढा, रंग नंतर

खडकवासल्याला एप्रिल-मेमध्ये दुपारनंतर पश्चिमेचा वारा जोर धरतो आणि जुन्या बोटींची दुखणी बाहेर पडायला लागतात. टिलर, म्हणजे सुकाणूचा दांडा, हातात थरथरतो, बोट सरळ ठेवायला सारखं ओढून धरावं लागतं, आणि मालक ठरवतो की यंदा पातं घासून वॉर्निश मारायचं. वॉर्निश जरूर मारा, पण त्याने थरथर जाणार नाही. छोट्या बोटीच्या सुकाणूचं दुखणं पात्यात कमी आणि सांध्यांतल्या ढिलेपणात, म्हणजे प्लेमध्ये, जास्त असतं. पाण्याचा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणजे बोटीचा वेग दुप्पट झाला की पात्यावरचा भार चौपट. मंद वाऱ्यात जाणवलाही नाही असा ढिलेपणा जोराच्या वाऱ्यात म्हणूनच एकदम अंगावर येतो.

पुण्यात बोट म्हटलं की बहुतेकांना सीओईपी या इंजिनिअरिंग कॉलेजच्या रेगाट्टातल्या, म्हणजे नौका-उत्सवातल्या, वल्ह्यांच्या बोटी आठवतात. इथे विषय शिडाच्या बोटींचा आहे: एंटरप्राइज, जीपी फोर्टीन, ओके अशा बारा ते चौदा फुटी जुन्या बोटी, ज्यांचं सुकाणू मागच्या फळीवर, म्हणजे ट्रान्समवर, दाराच्या बिजागरीसारखं टांगलेलं असतं. एंटरप्राइजचा आराखडा १९५६ चा आणि जीपी फोर्टीनचा १९४९ चा, त्यामुळे या जातीच्या बोटी चार-पाच हातांतून गेलेल्या सापडल्या तर नवल नाही. प्रत्येक हाताने सुकाणूला एखादं भोक जास्त पाडलेलं असतं.

नावं एकदा पक्की करून घेऊ. पाण्यात जातं ते पातं. पातं ज्या दोन गालांमध्ये बसतं ते हेड. हेडमधून बोटीत येतो तो टिलर, त्याच्या टोकाला एक्स्टेन्शन, म्हणजे बोटीबाहेर झुकून धरायचा जोडदांडा. हेडवरच्या पिना म्हणजे पिंटल, ट्रान्समवरची भोकांची कडी म्हणजे गजन. काही बोटींत एक जोडी उलटीही असते.

प्ले नेमका कुठे आहे ते शोधा

बोट ट्रॉलीवर घ्या, सुकाणू चढवा, पातं पूर्ण खाली करा. एकाने टिलर दोन्ही हातांनी घट्ट धरायचा, दुसऱ्याने पात्याचं टोक धरून आडवं हलवायचं. टोक हललं की लगेच पाना उचलू नका. धरणाऱ्याने आता टिलर सोडून हेड धरायचं आणि परत हलवायचं. मग गजनवर हाताचं बोट ठेवून बघायचं. टिलर आणि हेडमध्ये, हेड आणि पात्यामध्ये, पिंटल आणि गजनमध्ये, गजन आणि ट्रान्सममध्ये अशा चार जागा आहेत, आणि चारही एकमेकांत मिसळून एकच "ढिलं लागतंय" असं वाटतं. बोटाच्या टोकाला सांध्यावरची हालचाल डोळ्यापेक्षा लवकर कळते, म्हणून अर्धं बोट एका भागावर आणि अर्धं दुसऱ्यावर ठेवा.

किती प्ले चालेल हे ठरवायला थोडं गणित करा. दोन पिंटलमध्ये २५० मिमी अंतर आहे आणि पात्याचं टोक खालच्या पिंटलपासून ७५० मिमी खाली आहे असं धरा. वरच्या गजनमध्ये १ मिमी ढिलेपणा असेल तर टोक ३ मिमी हलतं. खालच्या गजनमध्येही तेवढाच असेल तर त्याचे ४ मिमी आणखी. कागदावर एक-एक मिलिमीटर, पाण्यात सात.

मग सगळं सुटं करा. प्रत्येक बोल्ट काढायच्या आधी फोटो काढा आणि वॉशरचा क्रम एका तारेत ओवून ठेवा. स्टीलवर स्टीलचा नट बरेचदा जाम होतो, आणि जोर केला तर आटे एकमेकांना चावतात. पेनिट्रेटिंग ऑइल सोडून रात्रभर ठेवा, नाहीच निघाला तर नट कापून टाका. दहा-वीस रुपयांच्या नटासाठी जुन्या लाकडावर जोर काढू नये.

पिंटल आणि गजन

इथे वेळ घालवा, कारण फरक इथेच पडतो. गजनच्या भोकाचं माप व्हर्नियरने दोनदा घ्या, एकदा बोटीच्या लांबीच्या दिशेने आणि एकदा आडवं. दोन मापं वेगळी आली तर भोक अंडाकृती झालंय. मग पिंटलचं माप घ्या, तेही वरच्या टोकाला आणि मधे. पिंटल बहुधा एका बाजूनेच झिजते, त्यामुळे फिरवून फिरवून मोजा. पितळेच्या जुन्या फिटिंगमध्ये भोक लवकर खातं, स्टीलमध्ये पिनेच्या मुळाशी तडा जायचा धोका जास्त. तडा डोळ्यांना दिसत नसेल तर फॅब्रिकेशनवाल्याकडे डाय पेनिट्रंटचे स्प्रे असतात. लाल मारायचा, पुसायचा, पांढरा मारायचा; तडा असेल तिथे लाल रेघ उमटते. वेल्डच्या कडेला अशी रेघ आली तर ती फिटिंग भंगारात द्या, पुन्हा वेल्ड करून वापरू नका.

नुसतं भोक मोठं झालं असेल तर फिटिंग बदलायची गरज नाही, बुश घालता येतो. धायरी-नऱ्हे भागात किंवा भोसरीत छोटी लेथची दुकानं भरपूर आहेत आणि हे अर्ध्या तासाचं काम आहे. पण सांगताना दोन गोष्टी स्पष्ट सांगा. एक, बुश डेलरिनचा, म्हणजे एका कडक प्लास्टिकचा, हवा, नायलॉनचा नको. दिसायला दोन्ही पांढरे आणि दुकानदार सहज "नायलॉनच आहे, तेच असतं" म्हणून देतो. नायलॉन पाणी पितं आणि फुगतं. दुकानात मऊ फिरणारी पिन बोट पाण्यात काही दिवस राहिली की आवळून बसते. डेलरिन जवळजवळ फुगत नाही. दुसरं, मोकळीक किती. लेथवाल्याला पिंटल सोबत नेऊन द्या, नुसतं माप सांगू नका. "दहाला दहा बसणार नाही साहेब, पॉइंट वन मोकळं ठेवतो," असं तो म्हणाला तर माणूस बरोबर आहे. "अर्धा सूत ठेवतो" म्हणाला तर दुसरं दुकान बघा, अर्धा सूत म्हणजे दीड मिमीच्या वर.

नवी फिटिंग बनवून घ्यायची असेल तर गोड्या पाण्याला ३०४ ग्रेडचं स्टेनलेस स्टील पुरतं. बोट कधी अलिबाग-मांडव्याकडे खाऱ्या पाण्यात न्यायचा विचार असेल तर ३१६ घ्या. चुंबक लावून खात्री करणाऱ्यांसाठी: बाजारात स्वस्त बोल्ट २०२ चे मिळतात, त्यांनाही चुंबक नीट चिकटत नाही, आणि एका पावसाळ्यात ते तांबूस पडतात. ग्रेड बोल्टच्या डोक्यावर बघा किंवा पक्क्या बिलावर लिहून घ्या.

खालचा पिंटल वरच्यापेक्षा थोडा लांब असायला हवा. पाण्यात उभं राहून, बोट हलत असताना, दोन पिना एकाच वेळी दोन भोकांत घालायच्या म्हणजे वैताग आहे. आधी खालची लागली की वरची आपोआप जागेवर येते. नवं बनवताना एवढं लक्षात ठेवलंत तर पुढे रोज दुवा द्याल.

ट्रान्सम आणि गजनची पकड

गजन ट्रान्समवर हलत असेल तर नुसते स्क्रू आवळून काही होत नाही. स्क्रू फिरतो पण धरत नाही, याचा अर्थ आतलं लाकूड गेलंय. गजन काढा आणि भोकाच्या आत टॉर्च मारा. लाकूड काळं पडलं असेल आणि खिळ्याचं टोक सहज रुतत असेल तर पाणी आत मुरलं आहे. समुद्राच्या बोटीपेक्षा आपल्या बोटींना हा त्रास जास्त होतो, कारण लाकूड कुजवणारी बुरशी खाऱ्या पाण्यापेक्षा गोड्या पाण्यात, त्यातही पावसाच्या साचलेल्या पाण्यात, सुखाने वाढते.

उपाय असा. ६ मिमीचा बोल्ट असेल तर भोक १२ मिमीपर्यंत मोठं करा, कुजलेलं खरवडून काढा, आठवडाभर सुकू द्या. आतल्या बाजूने टेप लावा. आधी पातळ इपॉक्सी ब्रशने पाजा, मग सिलिका आणि कापसाचा तंतू किंवा बारीक लाकडी भुसा घालून केलेलं घट्ट मिश्रण भरा. मायक्रोबलून, म्हणजे पोकळ गोल कणांची हलकी पूड, इथे नको, ते घासायला सोपं म्हणून पृष्ठभागावर वापरतात. बोल्टचा दाब त्याला सोसत नाही. पूर्ण कडक झाल्यावर मधोमध ६ मिमीचं भोक पाडा. आता बोल्टभोवती इपॉक्सीची नळी आहे, पाणी लाकडापर्यंत पोचतच नाही. आतून मोठे वॉशर किंवा ३ मिमीची पट्टी द्या.

गजन परत लावायच्या आधी दोन तपासण्या. दोन्ही गजन एका रेषेत हवेत: पिंटलच्या मापाची सरळ सळई दोन्हीतून आरपार घाला, ती मोकळी फिरली पाहिजे. फिरत नसेल आणि तशीच बसवलीत तर नवे बुश काही दिवसांत पुन्हा अंडाकृती होतील. आणि सळई बोटीच्या मधोमध व उभी हवी. नाळेच्या, म्हणजे बोटीच्या पुढच्या, टोकापासून ट्रान्समच्या दोन्ही कोपऱ्यांपर्यंत टेप लावून मध्य काढा, बोट लेव्हलमध्ये ठेवा आणि मागे उभं राहून ओळंबा सोडा.

सील करायला पीयू (पॉलियुरेथेन) सीलंट वापरा. खिडक्यांना लावतात ते आंबट वासाचं सिलिकॉन टाळा, त्यातून सुटणारं आम्ल पितळेला खातं आणि त्यावर पुढे रंग धरत नाही. भोकाच्या तोंडाला काउंटरसिंकने जराशी उतरती कड द्या म्हणजे सीलंटचं कडं तयार होतं. बोल्ट आवळताना सगळं सीलंट बाहेर पिळून काढू नका.

हेड आणि पात्याचा सांधा

पातं आणि गाल यांच्यातल्या फटीवर लोक बोल्ट आवळून उपाय करतात. दोन दिवस बरं वाटतं, मग गाल वाकतात आणि पातं वर-खाली होईनासं होतं. फट असेल तर ती भरायची असते. स्वयंपाकघरातल्या पांढऱ्या प्लास्टिकच्या चॉपिंग बोर्डचं मटेरियल, म्हणजे एचडीपीई, इथे उत्तम चालतं. बोहरी आळीत पातळ बोर्ड मिळतो. त्याच्या दोन मोठ्या चकत्या कापा, होल सॉने सहज निघतात, आणि पात्याच्या दोन्ही बाजूंना द्या. जाडी जास्त वाटली तर सपाट फळीवर ८० नंबरचा पॉलिश पेपर ठेवून चकती घासा.

पातं ज्यावर फिरतं त्या पिव्हट बोल्टचं भोक मोठं झालं असेल तर ट्रान्समसारखंच भरून नव्याने पाडा. ड्रिल हातात धरून अंदाजाने पाडू नका, पातं तिरकं बसेल. ड्रिल स्टँडवर किंवा एखाद्या सुताराच्या मशीनवर पाडून आणा. बोल्टचा आटे नसलेला गुळगुळीत भाग पात्याच्या पूर्ण जाडीतून गेला पाहिजे. आटे पात्यात आले की ते कानशीसारखे भोक खातात. नायलॉक नट (आत नायलॉनची कडी असलेला, आपोआप ढिला न होणारा) लावा आणि इतकाच आवळा की पातं हाताने उचललं की उचलावं, सोडलं की तिथेच राहावं.

हेड अॅल्युमिनियमचं असेल तर स्टीलच्या बोल्टभोवती पांढरी पूड दिसते का बघा. दोन धातू ओले असताना एकमेकांना लागून राहिले की अॅल्युमिनियम झिजतं. बोल्टला प्लास्टिकचे वॉशर द्या, रिव्हेट ढिले असतील तर ड्रिलने काढून नवे मारा.

आता डाउनहॉल, म्हणजे पातं खाली धरणारी दोरी. टिलर जड लागतो अशी तक्रार असते तेव्हा पुष्कळदा पातं पूर्ण खाली गेलेलंच नसतं. पातं जराही मागे कललं की पाण्याचा दाब पिंटलच्या रेषेपासून लांब जातो आणि तेवढं ओझं टिलरवर येतं. ताणणारी नायलॉनची दोरी काढून टाका, डायनिमाची (न ताणणारी मजबूत दोरी) किंवा घट्ट विणीची पॉलिस्टर घाला. मात्र ती अशा क्लीटमध्ये, म्हणजे दोरी धरणाऱ्या खाचेत, अडकवा जी झटका बसला की सुटेल. मे महिन्यात धरणातलं पाणी उतरलं की जानेवारीत जिथून बिनधास्त गेलात तिथे दगड किंवा झाडाचा बुंधा वर आलेला असतो. दोरी सुटली तर पातं उचललं जातं, नाही सुटली तर पातं किंवा ट्रान्सम तुटतो.

पातं: सुकवणं, भरणं, आकार

लाकडी पात्याला आधी नाण्याने टकटक करा. कणखर आवाजाच्या मधे एखादी जागा बद्द वाजली तर तिथे प्लायचे थर सुटलेत. पेन्सिलने खूण करा. रंग, वॉर्निश पूर्ण काढा आणि पातं सावलीत, तीन ठिकाणी आधार देऊन आडवं सुकत ठेवा. गच्चीवर उन्हात टाकू नका, एका बाजूने वाळून ते वाकतं. वाळलं की नाही हे हात लावून कळत नाही. स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर रोज वजन करा आणि कागदावर लिहा. आकडा उतरायचा थांबला की वाळलं.

फायबरच्या दोन अर्धुकांचं पातं असेल तर जोडावर चीर बघा, आणि पातं उभं करून ठेवा. काही तासांनी खालच्या कोपऱ्यातून तपकिरी पाणी झिरपलं तर आतला फोम ओला आहे. खाली ४ मिमीचं भोक पाडून निथळू द्या, वजन स्थिर झालं की जोड इपॉक्सीने बंद करा. फोम पूर्ण भिजला असेल तर तो खटाटोप कामाचा नाही, नवं पातं बनवा. त्यासाठी भवानी पेठेच्या टिंबर मार्केटमधून मरीन प्लाय घेताना आयएस ७१० चा शिक्का बघून घ्या आणि कडेला थरांमध्ये पोकळी नाही ना ते पाहा.

सुटलेल्या थरांत सिरिंजने इपॉक्सी सोडा आणि दोन्हीकडून प्लास्टिक, मग फळी लावून शिकंज्यात दाबा. खड्ड्यांसाठी गाडीच्या डेंटिंगला वापरतात ती लांबी (पुट्टी) घेऊ नका. ती पाणी शोषते आणि पाण्याखाली फुगून सुटते. इपॉक्सीतच मायक्रोबलून कालवा. पुढची कड दगडांनी झिजलेली असेल तर २०० ग्रॅमचं विणलेलं काचेचं कापड इपॉक्सीत लावा. चॉप्ड मॅट पॉलिस्टर रेझिनसाठी असते, इपॉक्सीत ती नीट भिजत नाही.

इपॉक्सीचं काम संध्याकाळी करा. सकाळी लावलं की ऊन चढतं तशी लाकडातली हवा तापून बाहेर येते आणि थरात बुडबुडे उठतात. संध्याकाळी लाकूड गार होत असतं, हवा आत आक्रसते आणि रेझिन आत ओढलं जातं. उन्हाळ्यात वाटीत मोठा घाणा कालवलात तर तो हातातच तापून धूर काढतो, म्हणून थोडं थोडं कालवा आणि पसरट ट्रेमध्ये ओता. प्रमाण डब्यावर लिहिलेलं, काट्यावर मोजून. पावसाळ्यात हे काम काढूच नका, दमट हवेत वर मेणचट थर येतो आणि त्यावर काही धरत नाही. आलाच तर पाणी आणि घासणीने धुऊन मगच पॉलिश पेपर मारा. घासताना मास्क आणि हातमोजे घाला. काचेची धूळ फुप्फुसात जाते आणि ओल्या इपॉक्सीची ॲलर्जी एकदा जडली की आयुष्यभर पाठ सोडत नाही.

आकाराबद्दल मतं पुष्कळ, पण तीन गोष्टी निर्विवाद आहेत. पुढची कड गोलसर हवी, धारदार नको. सर्वांत जास्त जाडी पुढच्या कडेपासून साधारण ३० टक्क्यांवर हवी. मागची कड २-३ मिमी जाड आणि काटकोनात कापलेली हवी. मागची कड गोल केली की पाणी आळीपाळीने दोन्हीकडून सुटतं आणि पातं गुणगुणायला लागतं. दोन्ही बाजू सारख्या आहेत का ते डोळ्यांनी ठरवू नका. एका बाजूवरून पुठ्ठ्याचा साचा कापा आणि तोच दुसऱ्या बाजूला लावून बघा. शर्यतीत उतरणार असाल तर घासायच्या आधी वर्गाचे नियम वाचा, जाडीची मर्यादा बहुतेक वर्गांत असते.

शेवटी वॉर्निश. इपॉक्सीला ऊन सोसत नाही, त्यामुळे वर काहीतरी हवंच. फर्निचरवाला मेलामाइन सुचवेल. ते घरातल्या कपाटाला ठीक, बाहेर उन्हात तडकतं. बाहेर चालेल असं यूव्हीवालं पीयू घ्या, थरांमध्ये ४०० चा वॉटर पेपर मारा.

टिलर, आणि पाण्यावरची चाचणी

टिलर हेडमध्ये गच्च बसला पाहिजे. ढिला असेल तर त्याच्यावर इपॉक्सीत भिजवलेलं कापड गुंडाळा आणि घासून माप जुळवा. एक्स्टेन्शनचा रबरी सांधा वाकवून बघा. बारीक चिरा दिसल्या तर तो याच मोसमात तुटणार, आणि तुटतो तेव्हा तुम्ही बोटीबाहेर झुकलेले असता.

जोडणी झाल्यावर पहिली फेरी किनाऱ्याजवळ मारा. टिलर सोडला की बोट हळूहळू वाऱ्याकडे वळली पाहिजे. एकदम झपकन वळत असेल तर पातं मागे कललंय का बघा, मग शिडाचं. वेगात गुणगुण आली तर मागची कड तपासा; गुणगुण अचानक सुरू झाली असेल तर बहुधा जलपर्णीचा दांडा अडकलाय, पातं उचलून झटका.

ट्रान्समवरची अडवणारी क्लिप नसेल तर आजच लावा. बोट कलंडली की सुकाणू गजनमधून निसटतं, आणि धातूचं हेड असलेलं सुकाणू सरळ तळ गाठतं. क्लिप असली तरी हेडला एक बारीक दोरी बांधून ठेवा. बोटीतल्या पिशवीत एक जादा पिव्हट बोल्ट, नायलॉक नट, दोरीचा तुकडा आणि पाना हवा.

एवढं करूनही सुकाणू मोडलंच तर घाबरू नका. वल्हं ट्रान्समवरून मागे धरा. वल्हंही नसेल तर मोठं शीड ओढून पुढचं ढिलं केलं आणि बोट वाऱ्याच्या पलीकडच्या बाजूला कलवली की ती वाऱ्याकडे वळते. पुढचं ओढून मोठं सोडलं आणि वाऱ्याच्या बाजूला कलवली की वाऱ्यापासून दूर जाते. हे एकदा मुद्दाम, पातं वर घेऊन, मंद वाऱ्यात करून बघा.